ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरमधलं दार-खिडकीचं टूल सुधारायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुमची टीम आर्किटेक्चरल ड्राफ्टिंगचं सॉफ्टवेअर बनवते. त्यातल्या दार-खिडकीच्या टूलबद्दल वापरणारे कुरकुर करतात. पुढच्या आवृत्तीत लायब्ररीत आणखी नमुने भरावेत की टूलच नव्यानं बांधावं, हे ठरत नाहीये. मी दिवसभर प्लॅन काढणारा माणूस आहे आणि आमच्या ऑफिससाठी दार-खिडकीची लहानसहान टूल्सही लिहिली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. लायब्ररीचं काम सध्या बाजूला ठेवा.

दार टाकायला फारसा वेळ लागत नाही. वेळ खातं ते टाकलेलं दार हलवणं. एखादं दार प्लॅनमध्ये टाकलं जातं एकदाच, पण प्लॅन पक्का होईपर्यंत ते कितीदा तरी जागचं हलतं. कधी भिंत सरकते, कधी भिंतीची जाडी बदलते, कधी दार उघडलं की बेसिनला आपटतं, कधी कपाटाला जागा करायची असते. दर वेळी भिंतीच्या तुटलेल्या रेघा जोडा, दार उचला, नव्या जागी रेघा पुन्हा तोडा, टॅग (दाराच्या क्रमांकाची खूण) ओढा आणि शेड्यूलमध्ये (दार-खिडक्यांच्या तक्त्यात) जाऊन आकडा बदला, असं करावं लागलं की माणूस वैतागतो. तक्रार मात्र तो वेगळ्याच शब्दांत करतो: 'दारांचे प्रकार कमी आहेत.' म्हणून तक्रारींची यादी वाचत बसण्यापेक्षा एखाद्याच्या शेजारी अर्धा दिवस बसा आणि तो दाराला किती वेळा हात लावतो ते मोजा.

माझं मुख्य म्हणणं हे आहे: दार कुठे आहे एवढंच टूलला ठाऊक असून भागत नाही. ते तिथे का आहे, हेही त्यानं लक्षात ठेवायला हवं. बाकी जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

आधी थोडं मागे जाऊ, म्हणजे आजच्या अडचणी कुठून आल्या ते कळेल. 1963 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत स्केचपॅड हा स्क्रीनवर आकृत्या काढायचा प्रोग्राम केला, त्यातच मूळ आकृती एकदा काढायची, तिच्या प्रती हव्या तिथे ठेवायच्या आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलतील, अशी सोय होती. कॅडमधला (संगणकावरच्या ड्राफ्टिंगमधला) ब्लॉक, म्हणजे एकदा काढून हवा तिथे टाकायचा नमुना, त्याच घराण्यातला. दारासाठी आम्ही तो कसा वापरायचो? 1000 मिमीचं एक दार काढून ठेवायचं आणि 750 चं हवं असेल तिथे 0.75 नं स्केल करून टाकायचं. रुंदी बरोबर यायची, पण 60 ची चौकट 45 ची होऊन बसायची आणि 40 ची फळी 30 ची. फक्त आडव्या दिशेनं स्केल केलं तर उघडझापीचा पाव गोल कंस लंबगोल व्हायचा. ऑटोकॅडच्या 2006 च्या आवृत्तीत डायनॅमिक ब्लॉक आले आणि हे दुखणं बऱ्यापैकी गेलं: दार ताणलं तरी चौकट तेवढीच राहते, बाणावर क्लिक केलं की दार पलटतं. पण भिंत तशीच अखंड. मग लोकांनी दाराच्या मागे भिंत झाकणारा पांढरा पट्टा, म्हणजे वाइपआउट, ठेवायला सुरुवात केली. कागदावर सुरेख दिसतं. पण खाली भिंतीची रेघ चालूच असते, हॅच (भिंतीत भरलेल्या तिरक्या रेघा) चालूच असतो, आणि त्याच रेघांवरून भिंतीची लांबी काढली तर सगळ्या दारांच्या जागा भिंत म्हणूनच मोजल्या जातात.

म्हणून पहिली दुरुस्ती दिसण्यातली नाही, रचनेतली आहे. भिंत, भिंतीतलं ओपनिंग (म्हणजे भोक) आणि ते ओपनिंग भरणारं दार, या तीन वेगळ्या गोष्टी माना. इमारतीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या आयएफसी या खुल्या फॉरमॅटमध्ये, जो 2013 पासून आयएसओ 16739 या क्रमांकाचा मानक आहे, नेमकं हेच केलंय. ओपनिंग भिंतीला पोकळ करतं, हे एक नातं; दार ते ओपनिंग भरतं, हे दुसरं नातं. पहिल्यांदा वाचताना हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण रोजच्या कामातली उदाहरणं घ्या. दोन खोल्यांमध्ये फळी नकोय, नुसती मोकळी जागा हवी आहे. किंवा दार काढून तिथे खिडकी बसवायची आहे, पण जागा आणि रुंदी तीच ठेवायची आहे. किंवा दार अजून ठरलेलं नाही, पण भिंतीत जागा सोडून ठेवायची आहे. ओपनिंग वेगळं असेल तर ही तिन्ही कामं दोन क्लिकची आहेत. दार आणि भोक एकजीव असेल तर दार डिलीट करताच भिंत बुजते आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं. भोक पाडताना ते भिंतीच्या दोन्ही पृष्ठांतून आरपार जातंय ना, तेही बघा. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये कंपोनंट (दार-खिडकीसारखी तयार वस्तू) ज्या पृष्ठाला चिकटतो तेवढंच कापतो आणि दुसरी बाजू बंद राहते. जाड भिंती काढणाऱ्यांना त्याचा किती त्रास होतो ते मी पाहिलंय.

आता 'का' कडे येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यायला हवेत.

समजा, एका खोलीचं दार कोपऱ्यापासून 100 मिमी सोडून ठेवलंय. ते 100 मी उगाच सोडलेले नाहीत. चौकटीच्या बाहेरची पट्टी तिथे बसायला हवी आणि दार 90 अंशांत उघडून भिंतीला टेकायला हवं. आता त्या कोपऱ्यातली आडवी भिंत 300 नं सरकली. मला हवं असतं की दार तिच्याबरोबर 300 सरकावं आणि ते 100 तसेच राहावेत. पण टूलनं दाराची जागा भिंतीच्या सुरुवातीच्या टोकापासूनचं अंतर म्हणून साठवलेली असते. आणि ते टोक कोणतं? भिंत काढताना मी पहिला क्लिक जिथे केला ते. म्हणजे दार सरकणार की नाही, हे मी दोन महिन्यांपूर्वी भिंत डावीकडून काढली की उजवीकडून, यावर अवलंबून! याच्या उलट, दोन खिडक्यांच्या मधोमध ठेवलेलं दार मधोमधच राहायला हवं. व्हरांड्यातल्या दारांची रांग असेल तर त्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर सारखं राहायला हवं.

हे सगळं वापरणाऱ्याला विचारत बसलात तर टूल कुणी उघडणार नाही. दार ठेवतानाच कर्सरजवळ दोन्ही बाजूंची मापं दिसू द्या. माणूस ज्या मापात आकडा टाइप करेल, तेच माप त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे असं समजा आणि ते धरून ठेवा. आकडा न टाकता मध्यावर स्नॅप केलं, तर 'मध्य' हे नातं धरा. काहीच केलं नाही, तर जवळचा कोपरा धरा. कोणतं माप धरलंय ते लहानशा खिळ्याच्या खुणेनं दाखवा आणि एका क्लिकवर खिळा दुसऱ्या बाजूला नेता येऊ द्या. बास. नवा डायलॉग बॉक्स नको, नवी पट्टी नको.

त्यातलीच एक बारीक गोष्ट: ते 100 कुठून मोजायचे? विटांच्या पृष्ठापासून की प्लास्टरच्या? भिंतीचे थर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर हेही साठवा. नाहीतर मागून कोणी प्लास्टरची जाडी वाढवली की दारं गुपचूप सरकतात आणि साइटवरून फोन येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

भिंत इतकी आखूड झाली की दार मावतच नाही, तेव्हा काय? कृपा करून दार गुपचूप काढून टाकू नका आणि टोकाला दाबून बसवूही नका. आहे तिथे लाल रंगात ठेवा. निर्णय माझा आहे, तो मला घेऊ द्या.

जाडीच्या दिशेनंही हाच विचार लागतो. 200 च्या भिंतीत 100 ची चौकट नेमकी कुठे बसली आहे: आतल्या पृष्ठाला धरून, मध्यात की बाहेरच्या? भिंत 150 ची झाली तर चौकटीनं कोणतं पृष्ठ धरून राहायचं? बऱ्याच टूल्समध्ये दार म्हणजे भिंतीच्या मध्यरेषेवर ठेवलेला ब्लॉक असतो, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडतच नाही. पण जमिनीच्या फरशीचा रंग किंवा प्रकार बदलतो तो बंद फळीच्या खाली, म्हणजे दार लावलं की पलीकडची फरशी दिसत नाही. फळी जाडीत कुठे आहे ते टूलला माहीत नसेल, तर फरशीची ती रेघ दर वेळी हातानं मारावी लागते.

दार कोणत्या बाजूला उघडतं, हा पुढचा मुद्दा. साध्या एका फळीच्या दाराच्या चार स्थिती असतात: बिजागरी या बाजूला की त्या, आणि फळी आत की बाहेर. दार ठेवण्याआधीच, कर्सरला लटकलेलं असताना, या चारही स्थिती एका बटणानं फिरवता यायला हव्यात. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबून दार पलटतं. एकदा त्याची सवय लागली की दुसरं काही नको वाटतं. माऊस भिंतीच्या ज्या बाजूला असेल त्या बाजूला फळी उघडावी, हेही हाताला पटकन सापडतं.

पण त्या स्थितीला 'डावं' आणि 'उजवं' अशी नावं देऊन साठवू नका. हे ठासून सांगतो, कारण यात मी पोळलोय. जर्मन डीआयएन पद्धतीत दार ज्या बाजूला उघडतं, म्हणजे जिथून बिजागऱ्या दिसतात, तिथे उभं राहून डावं-उजवं ठरवतात. अमेरिकेत दाराच्या बाहेर उभं राहून ठरवतात. आत ढकलायचं दार घ्या, बाहेरून बघताना बिजागरी डाव्या हाताला. अमेरिकन पद्धतीनं ते डावं दार. तेच दार आतून बघा: आता ते आपल्याकडे उघडतं आणि बिजागरी उजव्या हाताला येते, म्हणजे डीआयएनच्या हिशोबानं उजवं. दार एकच, नावं दोन आणि तीही परस्परविरुद्ध. म्हणून बिजागरी भिंतीच्या कोणत्या टोकाकडे आहे आणि फळी कोणत्या खोलीकडे वळते, या दोनच गोष्टी साठवा. नाव शेड्यूल बनवताना काढा, ज्याला जी पद्धत हवी त्या पद्धतीनं.

पोळलो ते असं. एका कामात दोन जुळी युनिट्स होती. एकाचा प्लॅन पूर्ण केला आणि दुसरं मिरर करून, म्हणजे आरशातल्यासारखं उलटवून, घेतलं. ड्रॉइंगमध्ये दारं व्यवस्थित उलटली, टॅग सरळ वाचता येत होते, मी खूश. पण आमच्या टूलनं 'डावं' हा शब्द दाराच्या माहितीत अक्षरं म्हणून लिहून ठेवला होता. मिररनं आकृती उलटली, अक्षरं तशीच राहिली. शेड्यूलमध्ये दोन्ही युनिट्सची दारं एकाच हाताची आली आणि चौकटी त्याच यादीवरून तयार झाल्या. दुसऱ्या युनिटच्या प्रत्येक चौकटीत बिजागरीच्या खाचा चुकीच्या बाजूला होत्या. चौकट हातात धरून सुतार माझ्याकडे नुसता बघत उभा होता, तो चेहरा आजही आठवतो. त्या टूलचा तो भाग मीच लिहिला होता. तेव्हापासून माझा नियम आहे: जे भूमितीतून काढता येतं ते अक्षरांत साठवायचं नाही.

रुंदीच्या बाबतीतही असाच घोळ असतो. 'दाराची रुंदी 1000' म्हणजे नक्की काय? एक हिशोब करून बघा. भिंतीतलं ओपनिंग 1000. चौकट बसवायला दोन्ही बाजूंना 10 सोडले, तर चौकट बाहेरून 980. चौकटीचे उभे खांब 60 चे, म्हणजे आतून आत 860. खांबाला 12 ची खाच आहे, तिच्यात फळी बसते. दोन्हीकडे 3 ची फट सोडली की फळी 878 ची. आणि दार 90 अंशांत उघडल्यावर फळीची जाडी वाटेत थोडी येते, त्यामुळे प्रत्यक्ष जायला मोकळी जागा उरते साधारण 830. एकाच दाराच्या पाच रुंद्या! गवंड्याला 1000 लागतात, सुताराला 980 आणि 878, आणि व्हीलचेअर जाईल का हे तपासणाऱ्याला 830. टूलमध्ये 'रुंदी' नावाचा एकच रकाना असेल, तर ऑफिसातला प्रत्येकजण त्यात आपापली रुंदी भरतो. कोणती रुंदी ठरवणारी आहे ते वापरणाऱ्याला निवडू द्या. बाकीच्या टूलनं काढून शेजारी दाखवाव्यात. आणि प्लॅनमधला कंस फळीच्या रुंदीचाच काढा. 1000 चा कंस काढणारी टूल्स मी पाहिलीत. त्या 122 मिमीच्या फरकानं दार कपाटाला लागतंय असं दिसतं आणि लोक नसलेली अडचण सोडवत बसतात.

खिडकीकडे वळताना उंची समोर येते, आणि प्लॅनमध्ये विचार करणारी टूल्स तिथेच अडखळतात. प्लॅन हा जमिनीपासून साधारण 1200 मिमीवर घेतलेला आडवा छेद असतो. 1800 वर सिल (खिडकीची खालची कड) असलेलं व्हेंटिलेटर त्या छेदात येतच नाही. तिथे भिंत भरीव आहे. व्हेंटिलेटर वर आहे हे तुटक रेघेनं दाखवायचं असतं. जे टूल खिडकी म्हटली की भिंत तोडतं, ते इथे चुकीचं ड्रॉइंग देतं. तसंच, एका खिडकीच्या वर दुसरी खिडकी असेल, तर फक्त भिंतीलगतचं अंतर बघणारं टूल 'दोन वस्तू एकमेकींवर येतायत' अशी सूचना देऊन दुसरी ठेवूच देत नाही. अंतर आणि उंची दोन्ही धरून, म्हणजे भिंतीकडे समोरून बघून तपासा.

सिल 900, उंची 1200, माथा 2100. या तीनपैकी दोनच स्वतंत्र असतात, तिसरं आपोआप ठरतं. बहुतेक टूल्स सिल आणि उंची विचारतात. पण काढणाऱ्याच्या डोक्यात आधी माथा असतो, कारण सगळ्या दार-खिडक्यांचे माथे लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) एका रेषेत हवे असतात. मी सिल 600 केलं की खिडकी उंच व्हायला हवी, 1500 ची. टूल मात्र 1200 उंची धरून अख्खी खिडकी खाली ओढतं आणि माथा 1800 वर येतो. प्लॅनमध्ये हे कळतच नाही. एलिव्हेशन (भिंतीचं समोरून दिसणारं ड्रॉइंग) काढताना एक खिडकी ओळीतून घसरलेली दिसते. पुन्हा तोच 'का' चा प्रश्न: काय धरून ठेवायचं हे सांगायची सोय द्या आणि खिडकीसाठी मुळात माथा धरलेला असू द्या.

एलिव्हेशनमध्ये झडप कशी उघडते हे दाखवणारा जो त्रिकोण असतो, त्याचं टोक काही देशांत बिजागरीकडे काढतात, काही देशांत हँडलकडे. हा पर्याय प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये एकाच जागी ठेवा. प्रत्येक खिडकीत नको.

स्केलबद्दल थोडक्यात. 35 मिमीची फळी 1:100 वर छापली की कागदावर 0.35 मिमीची होते. तिच्या दोन कडा दोन रेघांनी काढल्या तर छपाईत काळा डाग उठतो. त्यामुळे 1:100 ला फळी एका रेघेची, 1:50 ला दोन रेघा आणि चौकट, 1:20 ला खाच, काच, पट्ट्या, असं एकाच दाराचं रूप स्केलप्रमाणे बदलायला हवं. चिन्हांवर मेहनत घ्यायचीच असेल तर नमुन्यांची संख्या वाढवण्याऐवजी इथे घ्या. वक्र भिंतीत सपाट चौकट बसवताना रुंदी ही जीवा म्हणून घ्यायची, कंसाची लांबी म्हणून नाही, एवढं सांभाळा. टॅगचं म्हणाल तर प्रकाराचा क्रमांक आणि त्या एका दाराचा क्रमांक वेगळे ठेवा. कॉपी केल्यावर पहिला तोच राहतो, दुसरा नवा मिळतो.

हे सगळं एका आवृत्तीत होणार नाही, याची कल्पना आहे. तुमच्याकडे भिंत ही स्वतंत्र वस्तू असेल, तर आधी ओपनिंग वेगळं करा, मग खिळ्याचं काम घ्या, मग बिजागरीचं. भिंत म्हणजे नुसत्या दोन समांतर रेघा असतील, तरी हात टेकायचं कारण नाही. दाराच्या ब्लॉकबरोबर कोणत्या दोन रेघांमध्ये ते बसलंय, कोणत्या कोपऱ्यापासून किती अंतर धरलंय आणि बिजागरी कोणत्या टोकाला आहे, एवढं साठवलं तरी 'इथली भिंत पूर्ववत जोड आणि दार नव्या जागी बसव' ही एकच आज्ञा लिहिता येते. आमच्या ऑफिसात आम्ही पहिली तीच लिहिली होती आणि सगळ्यात जास्त वापरली गेली तीही तीच.

तपासायला हा प्रयोग करा. एका खोलीला तीन दारं आणि दोन खिडक्या टाका. मग एक भिंत सरकवा, एकीची जाडी बदला, अख्खी खोली मिरर करा, एका खिडकीचं सिल खाली घ्या आणि शेड्यूल काढा. एकाही दार-खिडकीला पुन्हा हात न लावता ड्रॉइंग आणि शेड्यूल दोन्ही बरोबर आलं पाहिजे. आज तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यातल्या कोणत्या पायरीला गाडी अडते ते इथे कळवा, आणि भिंत आतमध्ये कशी साठवली आहे तेही लिहा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.